मेंडेल्सोनचं ऑक्टेट: आधी खालचे आवाज ऐका

मी व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवते, त्यामुळे माझा सल्ला थोडा पक्षपाती आहे: हे ऑक्टेट, म्हणजे आठ तंतुवाद्यांसाठीची रचना, ऐकताना पहिल्या व्हायोलिनवरून कान काढा. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनने ते १८२५च्या शरद ऋतूत बर्लिनमध्ये लिहिलं, वयाच्या सोळाव्या वर्षी, आपला व्हायोलिनवादक मित्र एडुआर्ड रिट्झच्या वाढदिवसासाठी. त्यामुळे पहिल्या व्हायोलिनचे लाड झालेत, आणि ते न शोधताही ऐकू येतंच. बाकी सात वाद्यं मात्र शोधावी लागतात: आणखी तीन व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो (सर्वांत मोठी, खर्जातली).

शक्यतो आठही वादक दिसतील असा व्हिडिओ निवडा. अख्ख्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्राने वाजवलेलं रेकॉर्डिंग पहिल्यांदा नको, त्यात एकेकाचा आवाज विरघळून जातो.

पहिला भाग सर्वांत लांब. सुरुवातीला व्हायोलिन खालून झेप घेतं तेव्हा मधल्या वाद्यांकडे बघा. ती ठोक्याच्या अधेमधे स्वर टाकत असतात, म्हणूनच ती झेप इतकी अधीर वाटते. अर्ध्याच्या पुढे संगीत अगदी दबकं होतं. इथे आवाज वाढवू नका! थोड्याच वेळात आठही जण एकत्र, एकाच सुरात, वेग घेत वर धावतात आणि सुरुवातीची धून परत येते. मला विचाराल तर आख्ख्या रचनेतली सर्वांत धाडसी जागा हीच.

दुसरा भाग संथ. तो शांतपणे ऐकला की झालं.

तिसरा, स्केर्ट्सो (म्हणजे चपळ, खेळकर भाग), हेडफोनवर ऐका. गटेच्या 'फाउस्ट' नाटकातल्या वालपुर्गिस रात्रीच्या (चेटकिणींच्या मेळ्याच्या रात्रीच्या) स्वप्नावरून तो सुचला, असं फेलिक्सची बहीण फॅनी सांगते. सगळं हळू आवाजात, भरभर आणि तुटक वाजवायचं असतं. व्हायोलिनची धून ऐकून झाली की दुसऱ्यांदा फक्त खालची वाद्यं ऐका. आवाज न वाढवता इतकी घाई दाखवणं किती अवघड असतं, ते हातात गज धरणाऱ्यालाच विचारा.

चौथ्या भागाची सुरुवात दुसरा चेलो करतो, तीही इतक्या खालून आणि भरभर की आधी नुसता खडखडाट वाटतो. तिथून एकेक वाद्य वर चढत सामील होतं. बोटं मोडून आठ मोजा. पुढे हँडेलच्या 'हालेलुया' या समूहगानातली एक ओळ डोकावते आणि नंतर स्केर्ट्सोची धूनही. ती सुटली तर स्केर्ट्सो पुन्हा ऐकून या. मेंडेल्सोनने १८२९मध्ये लंडनसाठी स्केर्ट्सो ऑर्केस्ट्रालाही बसवला होता, पण तो नंतर ऐका. मला आठ जणांचाच आवडतो.