थ्री-कुशनचा चुरशीचा सामना कसा पाहावा

रत्नागिरी-मालवणकडे कॅरम घरोघरी असला, तरी थ्री-कुशन हा कॅरम बिलियर्ड्सचा, म्हणजे काठीने तीन चेंडूंवर खेळायच्या खेळाचा प्रकार असून त्याच्या २.८४ बाय १.४२ मीटरच्या टेबलाला खिसेच नसतात, हे आधी ध्यानात घ्यावे. दमटपणाने टेबलावरचे कापड मंदावू नये म्हणून त्याखालची दगडी पाटी खालून तापवतात. पावसाळ्यात पावडर टाकूनही अडणाऱ्या सोंगट्या पाहिलेल्या कोकणवासीयांना याचे कारण सांगायला नको. खेळाडूचा चेंडू उरलेल्या दोन चेंडूंपैकी (लक्ष्यचेंडूंपैकी) दुसऱ्याला लागण्यापूर्वी किमान तीन वेळा कडांवर आपटला, तरच एक गुण मिळतो. म्हणून नजर त्याच चेंडूमागे ठेवून कडांचे स्पर्श मोजावेत. गुणफलकावर डावही (खेळाडूच्या टेबलावरच्या पाळ्या) पाहावेत: २५ डावांत ५० गुण म्हणजे सरासरी २, आणि ती उत्तमच. गुण बरोबरीत चालले असतील, तर फटका हुकल्यावर प्रतिस्पर्ध्यासाठी चेंडू किती अवघड जागी उरले, हे आवर्जून पाहावे.