‘सुमार’ लिहिताना या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यासाठी मी प्रुफं तपासते. गेल्या दिवाळी अंकाच्या गठ्ठ्यात एका नाटकाबद्दल वाक्य होतं: ‘नायकाचं काम बेसुमार झालं आहे.’ लेखकाला म्हणायचं होतं, अगदीच कमी दर्जाचं झालंय. ‘बे’ लावला की शब्दाला जोर येतो, असा त्यांचा समज.

फारसीत ‘शुमार’ म्हणजे गणती. तोच आपला सुमार. ‘बे’ लागला की गणतीच संपते: बेसुमार वृक्षतोड, बेसुमार वाळूउपसा. विसर्जनाला लक्ष्मी रोडवरच्या गर्दीला ‘सुमार नसतो’, तोही हाच. दर्जाबद्दल जोर हवा असेल तर ‘अगदीच सुमार’ लिहा.

‘सुमारे दहाच्या सुमारास’ हे तर रोज दिसतं. अंदाज एकदाच सांगावा. आणि ‘सुमारे ४७ जण’ कशाला? मोजलेत ना, मग सुमारे काढून टाका.

खरी गफलत दर्जाची होते. सुमार म्हणजे टाकाऊ नव्हे. बेताचं, चारचौघांसारखं, त्यातही थोडं खालचं. मिसळीचा रस्सा पाणचट आणि शेव मऊ पडलेली असेल तर मिसळ सुमार. मटकी आंबली असेल तर ती खराबच म्हणायची. पहिल्याच पावसात उखडलेल्या रस्त्याला ‘सुमार’ म्हणणं म्हणजे ठेकेदाराला सूट देणं. तिथे ‘निकृष्ट’च हवं. कमतरता मापाची असेल तर यातलं काहीच चालत नाही. पगार तुटपुंजा, कापड तोकडं, पाणी अपुरं.

‘नालायक’ची फोड ‘लायक नसलेला’ अशी सरळ असली तरी मराठीत ती शिवी झाली आहे. उमेदवाराबद्दल लिहिताना ‘अपात्र’ लिहा.

माणसाला, त्यातून मुलाला, सुमार म्हणू नका. एखादं काम सुमार असतं. आमच्या शेजारचा चौथीतला मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन आला होता. शेऱ्यात ‘सुमार विद्यार्थी’ लिहिलं होतं. त्याने विचारलं, “काकू, सुमार म्हणजे किती?” मी त्याची वही मागितली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सगळं बरोबर. भागाकारात बाकी लिहायची तेवढी राहत होती. शेऱ्याच्या जागेत ‘भागाकारात बाकी लिहायला विसरतो’ एवढं सहज मावलं असतं.