पावसाळ्यात कोल्हापुरात नव्यानं आलात? खोलीत बसू नका

जून-जुलैत लातूर, बीड, सोलापूरकडची पोरं-पोरी इथं शिकायला नाहीतर नोकरीला येतात आणि पंधरा दिवसांत घरी फोन करून सांगतात, इथं पाऊस थांबतच नाही. 2006 साली मी लातूरहून शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला आले, तेव्हा माझंही हेच सुरू होतं. आमच्याकडं पाऊस पडून गेला की तासाभरात ऊन. इथं झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, वह्यांना वास येतो. उघडीप पडेल, मग शहर बघू, असं म्हणत मी दोन महिने खोलीत काढले. तुम्ही ते करू नका. येत्या रविवारी पावसातच बाहेर पडा.

छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. आणि पायात कोल्हापुरी नको. पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं नवी जोडी घालून भिजले. चामडं फुगलं, वाळल्यावर आखडलं आणि टाचेची शिवण उसवली. आवडली तर आत्ता चप्पल लाइनीतून घेऊन ठेवा, घाला दसऱ्यानंतर.

सकाळी मिसळ. उद्यमनगरातल्या फडतरेंची घ्या नाहीतर बावड्याची, रविवारी गर्दी दोन्हीकडं असते. इथं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो आणि वरच्या तिखट रश्श्याला कट म्हणतात. कट संपला तर बिनदिक्कत मागा, वाढतात. दुकानात 'चटणी' मागितलीत तर कांदा-लसणाचा तिखट मसाला हातात पडेल, कारण कोल्हापूरकर त्यालाच चटणी म्हणतात. आणि एखादी बाई 'मी आलोच' म्हणाली तर चमकू नका, इथल्या बायका तसंच बोलतात. वीस वर्षांत माझ्याही तोंडी 'मी येतो' बसलंय, आणि लातूरला गेले की बहीण हसते.

मिसळीनंतर टाउन हॉलचं म्युझियम. आवारातली जुनी झाडं पावसात काळी-हिरवी दिसतात. आत एक वस्तू चुकवू नका: पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पॉसिडॉनची ब्राँझची मूर्ती. ग्रीकांचा हा समुद्रदेव रोमन काळातल्या व्यापारातून इथवर पोहोचला. मूर्ती हातभरही नाही, पण मी दरवेळी तिथं थबकते. तिथून अंबाबाई. आवारातली दगडी फरशी पावसात निसरडी होते, जपून चाला.

दुपारी मटणाचं ताट. पांढरा रस्सा आधी प्या, गरम असतानाच. खोबऱ्याचं दूध, खसखस, तीळ आणि मटणाचं अळणी पाणी, असा तो सौम्य असतो. तांबडा मागून, भाकरी कुस्करून. भिजून आलेल्या माणसाला या दोन वाट्यांइतकी ऊब दुसरं काही देत नाही. श्रावण सुरू झाला की मात्र बऱ्याच घरांत मटण बंद, म्हणून आषाढ साधा.

आषाढाचं दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. 2016 च्या एप्रिलात माझ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. आई फोनवर जेवलीस का विचारायच्या आधी पाण्याचंच सांगायची: घागरी किती भरल्या, टँकर कधी आला. त्याच आषाढात एका शुक्रवारी शेजारच्या काकींनी दार वाजवलं, 'चल की, नवं पाणी घालायला.' दहा वर्षं इथं राहून मी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाई देवीच्या, यात्रेला गेले नव्हते. आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतले लोक पंचगंगेला आलेलं नवं पाणी कलशात भरतात आणि वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर देवीला वाहतात. पुढं पी-ढबाक वाजत होतं, वरून भुरभुर सुरू होती. काकींनी अर्ध्या वाटेत कलश माझ्या डोक्यावर दिला. पाणी गढूळ, तांबूस, थेट डोंगरातून आलेलं. चालताना ते हिंदकळून माझ्या कपाळावरून ओघळलं आणि मला रडू आवरेना. काकींनी काही विचारलं नाही, फक्त कलशाला हात लावून चालत राहिल्या. संध्याकाळी गल्लीतच मटणाचा बेत होता आणि माझं ताट त्यांच्या शेजारी मांडलं होतं. तुम्हाला असं कुणी बोलावलं तर अभ्यास, शिफ्ट, काहीही असो, जा.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबा. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात देतात. तिथून पंचगंगेचा घाट जवळच आहे. पाणी चढलं की सगळं गाव ते बघायला येतं, घाटावरची देवळं बुडालेली असतात. पाण्यात उतरू नका, लांबूनच बघा. 'राजाराम बंधाऱ्याला किती फूट?' हा प्रश्न इथं पावसाळाभर ऐकाल, पंचगंगेची पातळी त्या बंधाऱ्यावरच मोजतात. 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की घरात पिण्याचं पाणी, मेणबत्त्या, औषधं आणि चार दिवसांचा शिधा भरून ठेवा. 2019 च्या ऑगस्टात पुणे-बेंगळुरू महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. तेव्हा दूध-भाजी मिळेना.

खोली अजून ठरली नसेल तर भाडं आणि डिपॉझिट विचारण्याआधी मालकांना विचारा, 2019 ला आणि 2021 ला इथं पुराचं पाणी आलं होतं का, आणि कुठल्या पायरीपर्यंत. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा पुराचं पाणी शिरणाऱ्या भागात तर नक्कीच. मालक नसले तर शेजारच्या आजींना विचारा, त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील.