‘द विकर मॅन’ दाखवायचा, आणि नंतर वादही नीट घालायचा

(पुढे शेवट फोडलेला आहे. ज्याच्या घरी बैठक आहे त्यानेच वाचावं, पाहुण्यांना पाठवू नये.)

१९७३ चा हा रॉबिन हार्डीचा चित्रपट दहा-बारा जणांना एकत्र दाखवला की बैठक दुभंगतेच. अर्धे म्हणतात, “यात घाबरण्यासारखं काय होतं? नुसती गाणी!” उरलेले गप्प असतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढून शेवट हलत नसतो. गंडतं ते एवढंच, की चर्चा ‘आवडला की नाही’ यावर सुरू होते, मोठ्या आवाजाचा माणूस निकाल देतो आणि बाकीचे चपला शोधायला लागतात.

पहिलं काम म्हणजे आवृत्ती निवडणं. निम्मे मतभेद इथूनच निघतात. चित्रपटगृहात लागलेली आवृत्ती साधारण ८८ मिनिटांची आहे, सर्वांत लांब ९९ मिनिटांची, आणि २०१३ साली आलेली ‘फायनल कट’ साधारण ९४ मिनिटांची. छोट्या आवृत्तीत हरवलेल्या मुलीच्या शोधात आलेला पोलीस, सार्जंट हॉवी, बेटावर एकच रात्र काढतो, त्यामुळे खानावळवाल्याच्या मुलीचा, विलोचा, भिंतीपलीकडून येणारा नाच उगीच आल्यासारखा वाटतो. लांब आवृत्त्यांत दोन रात्री आहेत. पहिल्या रात्री तो शेजारच्या खोलीत काय चाललंय ते नुसतं ऐकतो, दुसऱ्या रात्री बोलावणं त्यालाच येतं. बेटाचा मालक लॉर्ड समरआइलही पहिल्याच रात्री खिडकीखाली दिसतो. छोटीत त्याची, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या क्रिस्टोफर लीची, वाट बघत बसावं लागतं. नवख्यांसाठी ‘फायनल कट’ घ्या. त्यात परत जोडलेले तुकडे जुन्या प्रिंटवरून घेतलेले असल्याने मधेच चित्राचा पोत उतरतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी उठून वायर हलवत बसतो.

सबटायटल लावाच. उच्चार स्कॉटिश आहेत आणि अर्धी गोष्ट गाण्यांच्या शब्दांत आहे. मात्र ८८ मिनिटांच्या आवृत्तीची सबटायटल ९४ च्या फाइलला जोडली, तर पहिल्या वाढीव प्रसंगापासून ओळी सरकतात. सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं, अशा तीन ठिकाणी आदल्या दिवशी तपासा.

चित्रपट बहुतेक दिवसाउजेडी घडतो, म्हणून साधा प्रोजेक्टरही चालतो. तरी मुंबईत मे-जूनमध्ये सात वाजून गेले तरी उजेड असतो. खिडक्यांना जाड चादरी लावा किंवा डिसेंबर गाठा. सातला सुरू केलात तर साडेआठला संपतो, तासभर बोलून लोकांना लोकल मिळते. नग्नता आहे, त्यामुळे लहान मुलं नकोत, आणि आईबाबांसोबत कोण येणार आहे तेही आधी विचारा. तिकीट लावून किंवा बाहेर फलक लावून खेळ करायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. वेफर्सची पाकिटं फोडून वाडग्यांत ओता. पॉल जोव्हानीचं संगीत हळू आहे, पाकिटाची कुरकुर त्यावर मात करते.

सुरुवातीला ‘हॉरर’ हा शब्द उच्चारू नका. दचकायला बसलेला माणूस तासभर दार करकरण्याची वाट बघतो आणि समोरचं सुटतं. “एक पोलीस हरवलेल्या मुलीला शोधायला बेटावर जातो,” एवढं पुरे.

शेवटी गावकऱ्यांनी हॉवीला बळी म्हणून ज्यात कोंडलंय तो वेताचा पुतळा जळतो, डोकं कोसळतं आणि मागे मावळता सूर्य उरतो. तेव्हा दिवा लावू नका. नावं संपेपर्यंत अंधार राहू द्या. मग चहाच्या आधी (चहाच्या नंतर नव्हे, तोवर मतं एकमेकांना चिकटतात) प्रत्येकाला चिठ्ठी द्या: दहापैकी गुण, शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत तुम्ही कुणाच्या बाजूने होतात, आणि कापून टाकावासा वाटलेला एक प्रसंग. नाव लिहायला लावू नका.

चिठ्ठ्या वाचून दाखवल्या की पहिला प्रश्न टाका: हॉवीला सुटायची शेवटची संधी कधी होती? बळीसाठी चार गोष्टी जुळाव्या लागल्या. तो स्वतःहून आलेला हवा, राजाच्या अधिकाराने आलेला हवा, ब्रह्मचारी हवा आणि विदूषकाच्या वेशात हवा. मग त्या रात्री त्याने विलोचं दार ठोठावलं असतं तर? आपला संयमच त्याला मारतो की काय, या मुद्द्यावर ‘कंटाळवाणा’ म्हणणारेसुद्धा सरसावून बसतात.

कुणी “काहीच घडत नाही” म्हणालं, तर शाळेतल्या बाकड्याची आठवण करून द्या. झाकणाखाली खिळ्याला दोरीने बांधलेला किडा एकाच दिशेने फिरतो आणि प्रत्येक फेरीत दोरी आखूड होते. अख्खा चित्रपट तिथे आहे. किंवा खानावळीतलं जेवण घ्या: सफरचंदांसाठी नावाजलेलं बेट, आणि ताटात बहुतेक सगळं डबाबंद. भिंतीवर दरवर्षीच्या सुगीचे फोटो, त्यात नेमका गेल्या वर्षीचा गायब. आमच्या मते खरी भीती इथे आहे, आगीत नाही. पीक बुडालेलं आहे आणि गाव हसतंय.

मराठी बैठकीत एक मुद्दा हमखास येतो: गावदेवी, नवस, होळी हे आपल्याला परकं नाही, मग गावकरी वाईट कसे? येऊ द्या. पण लगेच आठवण करून द्या, की ही परंपरा फार जुनी नाही. लॉर्डच्या आजोबाने १८६८ मध्ये बेट विकत घेतलं, नव्या जातीची फळझाडं लावली आणि मजूर राबावेत म्हणून जुने देव परत आणले. इथे वाद श्रद्धेवरून मालकीवर सरकतो, आणि बरा होतो.

हॉवी आगीत स्तोत्र म्हणतो आणि गावकरी डोलत तेराव्या शतकातलं उन्हाळ्याचं गाणं म्हणतात. दोघांचाही विश्वास तितकाच पक्का. हा तुकडा चर्चेच्या शेवटी आवाज वाढवून पुन्हा लावा. त्याच संध्याकाळी २००६ चा रिमेक मात्र लावू नका. मधमाश्यांवर हशा पिकतो आणि आधीचं सगळं वाहून जातं.

चिठ्ठ्या फेकू नका. तीन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा पाठवा. पहिल्या दिवशी ज्याने चार गुण दिले होते, त्याला कापून टाकण्याचा प्रसंग आता कोणता वाटतो, तेवढं जरूर विचारा.