दशावतारातील प्रकाशमान तलवार: वायरिंगचे दोष कसे शोधावेत

ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावर चमत्काराची दृश्ये दाखवणाऱ्या, दशावतारी नाटकांसाठी मी एलईडीच्या तलवारी बनवतो. दुरुस्तीला परत आलेल्या तलवारी उघडताना माझ्या असे लक्षात आले आहे की एलईडीची पट्टी स्वतः क्वचितच बिघडलेली असते. दोष बहुधा जोडात असतो, आणि तोही मूठ व पाते जिथे मिळतात त्या चार बोटांच्या जागेत. म्हणून तलवार पेटत नाही असे दिसताच नवी पट्टी मागवण्याची घाई करू नये. सेलपासून टोकापर्यंत, क्रम न मोडता, एकेक जोड तपासत जावे.

नेहमीची रचना डोळ्यांसमोर ठेवू. पाते ७५ सेंटीमीटर लांब आहे. त्यात मीटरला ६० एलईडी असलेली डब्ल्यूएस२८१२बी जातीची ५ व्होल्टची पट्टी बसवली आहे, म्हणजे एकूण ४५ एलईडी झाले. मुठीत १८६५० आकाराचा एक लिथियम सेल, त्याचे व्होल्टेज ५ पर्यंत चढवणारे बूस्ट मॉड्यूल, प्रत्येक एलईडीला रंगाचा डेटा पाठवणारा छोटा कंट्रोलर आणि स्विच आहे. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे सगळे मिळून २.७ अँपिअर. तेवढे देण्यासाठी सेलमधून ४ अँपिअरहून अधिक प्रवाह निघावा लागतो आणि तो लहान बूस्ट मॉड्यूलला पेलत नाही. तलवार लाल किंवा निळी असताना व्यवस्थित चालते, पण पांढरा लखलखाट येताच विझून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्याचे कारण बहुधा हेच असते. कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये प्रकाश एक तृतीयांशावर बांधून टाकावा. रात्रीच्या मंडपात तेवढा उजेड पुरतो, आणि २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल सलग पेटवला तरी दीड तास निभावतो.

आता तपासणी. मोजमाप नेहमी पट्टी पेटती ठेवून करावे. कळंक चढलेल्या जोडापलीकडेही मल्टिमीटर बिनभाराचे पूर्ण ५ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. भार आला की त्याच जोडावर व्होल्टेज गळते. त्यापेक्षा खात्रीची रीत अशी की मीटरची एक पिन संशयित जोडाच्या अलीकडे आणि दुसरी त्याच तारेवर पलीकडे टेकवावी. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या आसपास राहतो, ०.१ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसले तर तो जोड कापून नव्याने करावा. स्विचही याच रीतीने तपासावा.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष फार लवकर येतो. एका जत्रेत ऐन युद्धाच्या वेळी माझी तलवार विझली. पहाटे नाटक संपल्यावर मूठ उघडली, तर सोल्डर चकचकीत होते. वेष्टन सोलले तेव्हा मात्र आतले तांबे अर्ध्या बोटापर्यंत काळे पडलेले, आणि कडेला हिरवी पूड धरलेली. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. म्हणून स्वच्छ, लालसर तांबे लागेपर्यंत तार मागे कापावी आणि शक्य असेल तर कथिलाचा मुलामा असलेलीच तार वापरावी. जोड झाल्यावर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर धरावे म्हणून लावलेल्या द्रव्याचा, राप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा, कारण काही फ्लक्स मागे राहिले की ओलावा धरून तांबे खातात. त्यानंतर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवावी.

तलवारीवर तलवार आपटते तेव्हा तार सोल्डरमध्ये सहसा तुटत नाही. सोल्डर जिथे संपते तिथे तुटते. वितळलेले सोल्डर तारेच्या पदरांमध्ये शोषले जाऊन तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि ताठ व लवचिक भागांच्या सीमेवर प्रत्येक फटक्याला एकेक पदर तुटत जातो. म्हणून ती सीमा कधीही मोकळी सोडू नये. सिलिकॉन वेष्टनाची, बारीक पदरांची तार घ्यावी, जोडापासून दोन सेंटीमीटरपर्यंत ती पात्याच्या कण्याला चिकटवावी आणि मुठीत थोडी ढील ठेवावी. स्प्रिंगच्या होल्डरमधील सेलही फटक्याने क्षणभर मागे सरकतो आणि कंट्रोलर नव्याने सुरू होतो. एवढा खंड थोडी वीज साठवून ठेवणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरून काढू शकत नाही. सेल होल्डरमध्ये आडवा ठेवावा, किंवा टोकांना धातूच्या पट्ट्या वेल्ड केलेला सेल घेऊन फोमने घट्ट बसवावा. सेलवर थेट सोल्डर करू नये.

टोकाकडचा पांढरा रंग पिवळट होत असेल तर पट्टीच्या पातळ तांब्यात व्होल्टेज पडत आहे असे समजावे. जाड तारेने ५ व्होल्ट आणि ग्राउंड टोकालाही पोहोचवावेत. डेटाची तार मात्र एकाच बाजूने, पट्टीवरील बाणाच्या दिशेने जोडावी.

पाते अर्धेच पेटत असेल तर शेवटचा पेटलेला एलईडी, पहिला विझलेला एलईडी आणि त्या दोघांमधला जोड, एवढ्यातच दोष असतो. शेवटचा पेटलेला एलईडी रंग नीट दाखवत असला तरी त्याची पुढे डेटा देणारी बाजू मेलेली असू शकते, म्हणून आधी जोड नव्याने सोल्डर करावा आणि फरक न पडल्यास दोन्ही एलईडी बदलावेत.

रंग मनाप्रमाणे नाचू लागले तर प्रथम कंट्रोलर आणि पट्टी यांचे ग्राउंड एकत्र आहे का ते पाहावे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला डेटासाठी किमान ३.५ व्होल्टचा सिग्नल लागतो, आणि ईएसपी जातीचा कंट्रोलर ३.३ व्होल्टच देतो. टेबलावर ते कधी चालून जाते, पण मंडपात फसते. सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारा ७४एएचसीटी१२५ हा चिप दोघांच्या मध्ये घातल्यावर प्रश्न मिटतो. डेटाच्या तारेत, पट्टीच्या अगदी जवळ, ३३० ओहमचा रेझिस्टर घालावा.

सेलच्या धन टोकाला लागूनच ३ अँपिअरचा फ्यूज बसवणे मी अनिवार्य मानतो, कारण ही मूठ नटाच्या हातात असते आणि लिथियम सेल शॉर्ट झाला तर आग लागते. पोचा आलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा वापरू नये. जत्रांचा हंगाम संपला की सेल काढून वेगळा ठेवावा, आणि पावसाळ्यापूर्वी तलवार सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावी. पेटाऱ्यात ओल्या कपड्यांखाली ठेवू नये.