कॉन्ड्युट वायरिंगसाठी जंक्शन बॉक्सचे माप कसे ठरवावे

कॉन्ड्युट म्हणजे तारा ज्यातून ओढतात तो पाइप, आणि या पाइपांतल्या तारा जिथे एकत्र येतात किंवा जोडल्या जातात तो जंक्शन बॉक्स. तो मागितला की दुकानदार आधी ‘टू-वे की थ्री-वे?’ एवढेच विचारतो. या तोंडांच्या, म्हणजे पाइप शिरण्याच्या भोकांच्या, संख्येवरून पाइप जुळतील की नाही हे कळते. मात्र तारा आणि त्यांचे जोड सुटसुटीत राहतील की नाही, हे बॉक्सच्या आतल्या घनफळावर ठरते. जागा अपुरी पडली की झाकण बसवण्यासाठी जोड कोंबले जातात, त्यात इन्सुलेशन खरचटते, जोड सैल पडतो आणि तापू लागतो.

म्हणून भिंतीत खाच मारण्यापूर्वीच कोणत्या बॉक्समध्ये किती तारा येणार हे कागदावर मांडावे. मोजणीसाठी अमेरिकेच्या विद्युत संहितेची पद्धत सोपी आहे. बॉक्समध्ये येऊन जोडली जाणारी प्रत्येक तार एक धरायची, न तोडता आरपार जाणारीही एकच धरायची, चारपर्यंतच्या अर्थिंगच्या तारा मिळून एक धरायच्या आणि त्याच बॉक्सवर स्विच किंवा सॉकेट बसणार असेल तर आणखी दोन मिळवायच्या. तिथली तारांची मापे आपल्यापेक्षा वेगळी असल्याने लगतचे मोठे माप धरले, तर दीड चौरस मिमीच्या प्रत्येक तारेला सुमारे ३३, अडीचच्या तारेला ३७ आणि चारच्या तारेला ४१ घन सेंमी जागा लागते.

समजा, एका बॉक्समध्ये तीन पाइप येतात आणि प्रत्येकातून अडीचच्या फेज, न्यूट्रल व अर्थिंग अशा तीन तारा येतात. फेज व न्यूट्रल मिळून सहा आणि अर्थिंगची एक, अशा सात तारांना २५९ घन सेंमी जागा हवी. आतून ७५×७५×५० मिमी असलेल्या चौकोनी बॉक्समध्ये सुमारे २८१ घन सेंमी जागा मिळते, म्हणजे काम भागते. पुढे एखादा पॉइंट वाढण्याची शक्यता असेल तर मात्र मी १००×१०० मिमीचाच घेईन, कारण किमतीतला फरक भिंत पुन्हा फोडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. याउलट ६५ मिमी व्यासाच्या, ४० मिमी खोल गोल बॉक्समध्ये जेमतेम १३३ घन सेंमी जागा असते. तो तीन तारा ओढून पुढे नेण्यापुरताच ठीक. खोक्यावरचे माप बहुधा बाहेरचे असते, त्यामुळे पट्टी लावून आतले माप स्वतः घ्यावे.

तोंडाचा व्यास पाइपच्या बाहेरच्या व्यासाशी, म्हणजे २०, २५ किंवा ३२ मिमीशी जुळला पाहिजे. जोडासाठी प्रत्येक तारेचे सुमारे १५ सेंमी टोक मोकळे ठेवावे. स्लॅबमध्ये डीप, म्हणजे जास्त खोल, बॉक्स घ्यावा, कारण त्याची तोंडे वरच्या बाजूला असल्याने पाइप खालच्या सळ्यांवरून सरळ जातो.

बॉक्सची झाकणाची कड गिलाव्याच्या पातळीत यावी आणि झाकणावर गिलावा कधीही करू नये. कोल्हापूरच्या पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतींवर रबर गॅस्केट असलेला आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत येऊ न देणारा, बॉक्स लावावा. पंचगंगेच्या काठच्या ज्या घरांत २०१९ आणि २०२१ मध्ये पुराचे पाणी शिरले, तिथे जोड असलेले सर्व बॉक्स त्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्यावेत आणि खाली फक्त अखंड तारा उतरवाव्यात. प्रत्यक्ष जोडणी मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.