उडणाऱ्या तिरंदाजाचा प्रॉब्लेम कसा सोडवला (माझा अनुभव)

ऐरोलीला आमचा डी अँड डी फाइव्ह-ईचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमची पाचवी आवृत्ती) ग्रुप बसतो, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा) मी. एकाने आराकोक्रा (उडणारा पक्षी-माणूस) घेतला आणि हातात लाँगबो (लांब धनुष्य), म्हणजे 150 फुटांपर्यंत नीट नेम, 600 पर्यंत डिसअॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), आणि ओगर या धिप्पाड राक्षसाचा भाला 120 च्या पुढे जातच नाही, मग बाकीचे प्लेअर नुसते बघत बसायचे. उडणं काढून घेणं मला अजिबात पटत नव्हतं, त्याने कॅरेक्टर त्यासाठीच तर घेतलं होतं ना.

मग आधी जागा बदलल्या, गुहा, दाट जंगल, धुकं. गॉब्लिन (छोटे राक्षस) आता उघड्यावर उभेच राहत नाहीत, आत पळतात, मग आराकोक्रालाही खाली यावं लागतं. मँटिकोर हा राक्षस आणला, तो स्वतः उडतो आणि शेपटीचे काटे 200 फुटांपर्यंत फेकतो, ती फाइट खरंच भारी झाली.

उडताना प्रोन झालं (आडवं पाडलं गेलं) आणि होव्हर (हवेत तरंगत राहायची क्षमता) नसेल तर सरळ खाली, दर 10 फुटांना 1डी6 (सहा बाजूंच्या एका फाशाइतकं) डॅमेज, लो लेव्हलला हे फार जीवघेणं आहे. त्यापेक्षा अर्थबाइंड हा मंत्र बरा, 300 फुटांवरून लागतो, स्ट्रेंथ सेव्ह (ताकदीवर फासा टाकून वाचायची संधी) मिळतो आणि फेल झाला तरी अलगद उतरवतो. अधूनमधून मोकळ्या मैदानातली फाइट मी मुद्दाम ठेवतो, तिथे त्याने मनसोक्त उडावं.